गाणं सुरू झालं की

(कारंजा लाड येथे झालेल्या महिला कार्यकर्ता शिबिरात, रात्रीच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काल आणि आज दिवसभर आपण कायद्याबद्दल बोललो. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, संरक्षण अधिकारी, अर्ज कुठे द्यायचा, पोटगीचं काय. तुमच्या वह्या भरल्यात. आणि आता जेवणं आटोपल्यावर मी 'मला आवडणारे संगीतपट' हा विषय घेऊन उभी आहे. दुपारी आपल्यातल्याच एका जुन्या ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, कुठून कुठून बायका आल्यात, त्यांना नाचगाण्याचं काय सांगतेस?" त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. आपल्या चळवळीत ही काळजी जुनीच आहे. सिनेमा म्हणजे बाईला बाहुली करणारा धंदा, असं आपण पोस्टरवर लिहिलं, मोर्चात सांगितलं, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण त्याच मोर्चातून परत येताना ट्रकमध्ये आपण काय गात होतो, ते तुम्हालाही माहीत आहे.

स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ साली आलं आणि गावोगाव फिरलं. ते नुसत्या भाषणांचं असतं तर एवढं फिरलं असतं का? त्यात गाणी होती, ताल होता, बायका गोल करून नाचत होत्या. म्हणजे गाण्याची ताकद आपल्याला कळते. ती आपण कामासाठी वापरतो. फक्त गंमत म्हणून गाणं ऐकायला, बघायला आपल्याला जरा लाज वाटते. मला आज त्या गंमतीबद्दलच बोलायचं आहे.

मराठीत गाणी नसलेला सिनेमा शोधावाच लागतो. त्यामुळे मी संगीतपट कशाला म्हणते ते आधी सांगते. ज्यातली गाणी काढून टाकली तर गोष्टच उभी राहत नाही, तो संगीतपट. आणि असे सिनेमे पुन्हा पुन्हा बघताना माझ्या एक लक्षात आलंय. गोष्टीत बाईला जे बोलता येत नाही, ते ती गाण्यात बोलते. गोष्ट तिला शेवटी मारते, घराबाहेर काढते, नाहीतर पाया पडायला लावते. पण मधली चार-पाच मिनिटं तिची असतात, आणि आपल्या लक्षात तीच राहतात. सिनेमा कोणाचा, गोष्ट काय, हे विसरायला होतं. गाणं निंदण करताना तोंडात येतं.

आपल्या वऱ्हाडात हे नवीन नाही. भुलाबाई बसते तेव्हा भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी काय करतात? सासरच्या छळाचीच गाणी म्हणतात, आणि म्हणताना हसतात. सासू, दीर, नणंद, सगळ्यांची उणीदुणी त्या गाण्यांतून चारचौघांत निघतात आणि कोणी रागावत नाही. तीच गोष्ट मुलीने साध्या शब्दांत घरात सांगितली तर? जात्यावरच्या ओवीचंही तेच. तांड्यावरच्या बहिणी इथे बसल्यात, होळीला लेंगी गाताना त्या काय काय म्हणतात ते मी इथे सांगत नाही, त्यांनाच विचारा. सिनेमाने ही रीत उचलली, एवढंच.

पण ओवीला कोणाची परवानगी लागत नाही. सिनेमाला लागते. आपल्या गटातली बाई घरी "गुरुमंदिरात जाते" म्हणाली की कोणी अडवत नाही. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आपल्याच गावात, तेव्हा देवदर्शन म्हणजे दहा मिनिटांचं काम. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जायचं तर सगळं कुटुंबच गाडीत बसतं. "सिनेमाला जाते" म्हटलं की मात्र कोणाबरोबर, कशाला, स्वयंपाकाचं काय. म्हणून बायकांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला: देवाचा सिनेमा. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका चपला बाहेर काढून थिएटरात बसल्या, पडद्याला ओवाळलं, फुलं वाहिली. शिकलेली माणसं त्यांना हसली. मी नाही हसणार. घरच्यांना नाही म्हणता येणार नाही अशा कारणाने त्या बाहेर पडल्या आणि तीन तास पाय पसरून बसल्या.

'संत तुकाराम' हा तसाच सिनेमा. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, १९३६चा. मुंबईत वर्षाहून जास्त चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. त्यातला एक अभंग तर शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. तो लोकांना तुकोबांचाच वाटतो. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत, आणि त्यांच्या डोळ्यांतला भाव बघून आजही माणसं हात जोडतात. मी मात्र तो सिनेमा जिजाईसाठी बघते. गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. नवरा अभंगात दंग, घरात दाणा नाही, पोर आजारी. ही बाई सरळ देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. नवऱ्याच्या गळ्यात देव आहे आणि बायकोच्या डोक्यात उद्याची भाकर. तुकाराम वैकुंठाला जातो, ती मागे राहते. आपल्या गटातल्या कितीतरी बायका अशाच मागे राहिलेल्या आहेत. त्यांची माणसं वैकुंठाला नाही, सुरत-पुण्याकडे गेली, एवढाच फरक.

आता थोडं मागे जाते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या, खाणावळीत काम करणाऱ्या पुरुषाने ती केली. (त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं, हेही सांगितलं पाहिजे, त्या दोघी पहिल्या.) सिनेमा मुका, म्हणजे तारामतीला बाईचं शरीरही नव्हतं आणि आवाजही नव्हता. १९३२ साली प्रभातने तीच गोष्ट 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. मराठीतला पहिला बोलपट. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. गोविंदराव टेंब्यांचं संगीत. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यासमोर नटीनेच गायचं. घरंदाज बाई पडद्यावर आली आणि गायली, याची तेव्हा काय चर्चा झाली असेल ती कल्पना करा. एकोणीस वर्षांत त्याच एका भूमिकेत बाई आली आणि तिला गळाही मिळाला. मला हा आपल्या इतिहासातला मोठा टप्पा वाटतो, आणि तो आपल्या कुठल्याच शिबिरात शिकवला जात नाही.

आता 'कुंकू'. १९३७, व्ही. शांताराम. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नीरा नावाच्या पोरक्या मुलीचं लग्न तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. आता एरवीच्या सिनेमात ती रडली असती, सहन केलं असतं, शेवटी नवऱ्याच्या पायाशी मेली असती. नीरा हे काही करत नाही. ती नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. त्याच्या खोलीत जात नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तर त्याला बडवून काढते. हे १९३७ साली! वैवाहिक बलात्कार हा शब्द आपल्याकडे अजून कायद्याच्या पुस्तकात नीट शिरलेला नाही. नीराने त्याच्यावरचं उत्तर तेव्हाच दिलं होतं.

आणि ती गाते. शांता आपट्यांनी नीरा केली आहे. त्यांचं गाणं बघाच, नुसतं ऐकू नका. तोवर नट्या एका जागी उभ्या राहून, मान जराशी हलवून गायच्या. शांताबाई गाताना चालतात, वळतात, हातवारे करतात, डोळे वटारतात. गाणं त्यांच्या अंगात असतं. संगीत केशवराव भोळ्यांचं. पण या सिनेमात पार्श्वसंगीत असं नाहीच. घड्याळाची टकटक, दारं, भांडी, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे घराचा कोंडमारा कानाला जाणवतो. आणि मग नीरा गायला लागली की घराची खिडकी उघडल्यासारखं होतं. एका प्रसंगी ती चक्क इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. जगाच्या रणांगणावर लढायला सांगणारी. शब्द कळले नाहीत तरी तिच्या चेहऱ्यावरून कळतं की ही पोरगी हार मानणार नाही.

त्याच सिनेमात म्हाताऱ्याची मोठी मुलगी आहे, समाजसेवा करणारी, आणि ती बापाच्या विरोधात सावत्र आईच्या बाजूने उभी राहते. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्या नुसत्या नटी नव्हत्या. संततिनियमनाचं काम त्यांनी त्या काळात प्रत्यक्ष केलं, टीका सोसली, पुढे राज्यसभेवर गेल्या. म्हणजे पडद्यावरची कार्यकर्ती खरीखुरी कार्यकर्तीच होती. आपल्यापैकी कोणाला सिनेमात घेतील असं वाटत नाही, पण एकदा घेतलं होतं!

शेवट मला पटत नाही, हे सांगून टाकते. म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो, तो जीव देतो आणि चिठ्ठीत तिला दुसरं लग्न करायला सांगतो. म्हणजे तिची सुटकाही शेवटी त्याच्याच हातून. पण आमच्या गटात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक आजी पटकन बोलल्या, "मेला तर मेला. थे पोरगी त नाही मेली ना?" मला तर हा मुद्दा सुचलाच नव्हता. इतक्या गोष्टींत बाई मरते, की इथे ती जिवंत राहिली याचाच त्या आजींना आनंद झाला.

शांता आपट्यांचं पडद्याबाहेरचंही ऐका. १९३९ साली करारावरून प्रभातशी त्यांचं बिनसलं, तेव्हा त्या कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. एकट्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं, या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी. नीराचा हट्ट पडद्यावर खरा का वाटतो, ते यावरून समजतं.

'माणूस'बद्दल दोनच वाक्यं. १९३९चा, शांताराम यांचाच, शांता हुबळीकर मैना झाल्यात, वेश्यावस्तीतली बाई. तिचं ते अनेक भाषांतलं गाणं म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहे, आणि शांताबाईंच्या आत्मचरित्राला त्याच गाण्याचं नाव आहे. शेवटी मैना तुरुंगात जाते आणि शिपाई सुटतो. हा हिशोब तेव्हापासून बदललेला नाही.

आता लावणीकडे येते, कारण इथे खरी अडचण आहे.

समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारंजाचीही नाही ती. नवऱ्याने तिला मारलं होतं. कारण विचारलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, भांडी घासताना गाणं म्हणत होते. कुठलं गाणं? 'सांगत्ये ऐका'मधलं, ती बुगडी हरवल्याची लावणी. नवऱ्याचं म्हणणं, "हे कोनासाठी म्हनते तू?" त्याला पटेचना की बाई कोणासाठीच नाही, स्वतःसाठीही गात असेल. आम्ही त्या दोघांना बसवून बोललो. तो दारू पीत नव्हता, कमावता होता, मुलांवर जीव होता. त्याचं एकच पालुपद: चांगल्या घरची बाई असलं गात नाही. आणि खरं सांगू, तिथे बसलेल्या तिच्या आईचंही तेच म्हणणं होतं.

हे "चांगल्या घरचं" प्रकरण लावणीच्या सिनेमांत पहिल्यापासून आहे. 'सांगत्ये ऐका' १९५९चा, अनंत माने यांचा. पुण्यात शंभरहून जास्त आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर. गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं, आवाज आशा भोसल्यांचा. पाटलाने केलेला अत्याचार त्यात तमाशाच्या फडावरून सांगितला जातो. ज्या बाईचं कोणी कोर्टात ऐकलं नसतं तिचं ढोलकीच्या तालावर सगळं गाव ऐकतं. मला या सिनेमाची गंमत इथेच वाटते. नावातच हुकूम आहे: मी सांगते, तुम्ही ऐका. पुढे १९७०च्या सुमारास हंसाबाईंनी स्वतःची कहाणी सांगितली तेव्हा हेच नाव घेतलं. नवरा, पैसा, मूल, दारू, काही झाकलं नाही. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलने ती केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई १९७१मध्येच गेल्या होत्या.

सुलोचना चव्हाणांना आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं. त्या डोक्यावर, खांद्यावर पदर घेऊन उभ्या राहून गायच्या, नाचल्या कधीच नाहीत. आवाजात सगळी फडाची आग आणि अंगावर सगळी घराची मर्यादा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. दुसरीकडे विठाबाई नारायणगावकर. पोटुशी असताना फडावर नाचत होत्या, कळा आल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, २००२मध्ये गेल्या त्या गरिबीत. सिनेमाने लावणी घराघरांत नेली. लावणी जगवणाऱ्या कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या बायकांना मात्र पडद्यावर नायिका म्हणून फार क्वचित जागा दिली. आवाज दुसरीचा, चेहरा तिसरीचा, आणि बदनामी मूळच्या बाईची. लावणीवर टाळ्या वाजवताना हे मला आठवतं. टाळ्या मी तरीही वाजवते.

'पिंजरा' आपल्या गटात दाखवायचा का, यावर आमच्यात भांडण झालं आहे. १९७२चा, व्ही. शांतारामांचा, जर्मनीतल्या 'ब्लू एंजल'वरून घेतलेला. आदर्श मास्तर तमाशाच्या नादाने धुळीला मिळतो. डॉ. श्रीराम लागूंचं काम असं की मास्तरची कीव येते, आणि सिनेमाला तीच आणायची आहे. काहीजणी म्हणाल्या, हा सिनेमा बाईला नागीण ठरवतो, नको. माझं मत वेगळं. गाणी काढा, मग खरंच तो उपदेशपट आहे. पण जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज आणि संध्याची चंद्रकला! ज्याने तिचा फड गावाबाहेर घालवला, त्याच्या हातात ती तुणतुणं देते. गाणं चालू असताना प्रेक्षक मास्तरच्या बाजूने नसतोच. मग गाणं संपतं आणि दिग्दर्शक आपल्याला ओढून पुन्हा मास्तरकडे नेतो. ही ओढाताण बघण्यासारखी आहे. दाखवावा आणि नंतर बसून भांडावं.

सगळीच गाणी अशी नाहीत. नायिकेच्या वाटेत आडवं येणाऱ्या, ओढणी-पदर ओढणाऱ्या नायकाची गाणी डझनावारी आहेत, आणि शाळेच्या रस्त्यावर पोरं तीच म्हणतात. 'नको'चा अर्थ 'हो' असतो हे आपल्या मुलांना गाण्यांनीच शिकवलं. त्याची बाजू घ्यायला मी उभी नाही. दादा कोंडक्यांचं जरा अवघड आहे. मला त्यांची दुअर्थी गाणी सगळी आवडत नाहीत, पण बायका घोळक्याने बसून ती बघताना ज्या मोकळेपणाने हसतात, तसं हसणं मी शिबिरातही फार पाहिलेलं नाही. हसणाऱ्या बाईला मी गप्प बसवणार नाही.

गाणं गायचं कोणी आणि त्यावर नाव कोणाचं, हाही आपलाच प्रश्न आहे, मजुरीचा. १९४९ साली 'महल' आला तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गायल्या होत्या लता मंगेशकर. पुढे नावासाठी आणि रॉयल्टीसाठी त्या भांडल्या. आणि याच लताबाईंनी मराठीत संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने. १९६५च्या 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, नाव पुकारलं गेलं, आणि त्या जागेवरून उठेनात. शेवटी व्यासपीठावरून सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे त्याच. त्यांची कारणं त्यांना ठाऊक. पण शंभर पुरुष संगीतकारांत एवढी मोठी बाई टोपणनावाने काम करते, हे मला बोचतं. ती गाणी ऐका, शेतात, भट्टीवर, कष्ट करताना गावी अशी आहेत.

सगळ्यांत आवडता कुठला म्हणाल तर 'जैत रे जैत'. १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, उषा मंगेशकरांची निर्मिती, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. महानोर शेतकरी माणूस, पळसखेड्याचा. त्यांच्या शब्दांना मातीचा वास आहे हे निंदणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ठाकरांची गोष्ट ठाकरांच्याच तालावर चालते, कोणी खुर्चीत बसून गाणं 'म्हणत' नाही. चिंधी नावडत्या नवऱ्याला सोडते आणि ढोलकरी नाग्याला स्वतः निवडते. उघड उघड. स्मिता पाटीलच्या चालण्यात, हसण्यात कुठेही माफी नाही. निवडीचा आनंद असा अंगभर मी दुसऱ्या मराठी सिनेमात पाहिला नाही. तरी चिंधीला गोष्टीने मारलंच. नाग्या डोंगर जिंकतो, मधमाश्या हरतात आणि ती जाते. जिंकण्याच्या आरोळीबरोबर तिचं मरण येतं तेव्हा दरवेळी मला राग येतो.

'उंबरठा' हा खरं तर संगीतपट नाही. पण आमच्या समाजकार्याच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला तो पाठ होता, त्यामुळे वगळता येत नाही. १९८२चा, सुलभा महाजन समाजकार्य शिकलेली, नवरा आणि मुलीला मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. त्यातली गझल लिहिली सुरेश भटांनी, म्हणजे आपल्या अमरावतीच्या माणसाने, इथून दोन तासांच्या आतला गाव. लताबाईंच्या आवाजात ती ऐकताना घर सोडलेल्या बाईचा एकटेपणा आधी कळतो, आणि मग लक्षात येतं की परत येण्याची विनंती त्यात कुठेच नाही.

'नटरंग'मध्ये बाईच्या चालीने नाचणाऱ्या पुरुषाचं गावाने काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्याच्यावर पुन्हा कधीतरी, पुरुषांच्या गटासमोर बोलेन.

शेवटचा 'सैराट'. २०१६, नागराज मंजुळे, अजय-अतुल. अमेरिकेतल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली गाणी आपल्या वरातींत डीजेवर वाजली. पोरं थिएटरात उठून नाचली. आर्ची बुलेटवर, ट्रॅक्टरवर. पाण्यात, शेतात, झाडावर सगळीकडे गाणंच गाणं. चारही गाणी मध्यंतराच्या आत. मग दोघं पळून जातात, हैदराबादला वस्तीत राहतात, आणि सिनेमातलं गाणं बंद होतं. पाणी भरणं, चूल, कारखाना, संशय, मारहाण, पुन्हा जुळवून घेणं, मूल. ज्या आर्चीला गाण्यात सगळं रान मोकळं होतं, तिला आता एक खोली. आणि शेवटी तर आवाजच नाही. लहान मूल रडतं आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. ज्या पोरांनी मध्यंतरापर्यंत शिट्ट्या वाजवल्या ती बाहेर पडताना एकमेकांकडे बघत नव्हती. 'कुंकू'त घराच्या टकटकीतून गाणं निघालं होतं. इथे गाण्यातून निघून शांतता आली. पळून गेलेल्या मुलीचा बाप आपल्याकडे येतो, अपहरणाची तक्रार करायची म्हणतो, तेव्हा मुलगी सज्ञान आहे हे कायद्याने सांगता येतं. पण त्या बापाने वरातीत त्याच गाण्यावर ठेका धरलेला असतो. त्याच्याशी बोलायला मला कधी कधी कायद्यापेक्षा हा सिनेमा जास्त उपयोगी पडला आहे.

आता कामाचं. दर महिन्याच्या बैठकीला एक सिनेमा, असं काही गटांनी सुचवलं आहे. मोबाइलवर सगळं मिळतं हे खरं, पण तो मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याचा नाहीतर पोराचा असतो, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर एकटीने बघण्यात ती मजा नाही. एकत्र बसायचं, मधे बोलायचं, गाणं आलं की सगळ्यांनी म्हणायचं. कोणीतरी परवाच म्हणालं, "ताई, आम्हाले रडाचं नाही, पाहाचं हाय अन् हासाचं हाय." माझं म्हणणं, पहिला 'संत तुकाराम' ठेवू. देवाचा सिनेमा म्हटलं की सासवाही येतील आणि सुना घेऊन येतील. जिजाई देवळात शिरली की आपोआप बोलणं सुरू होईल. दुसऱ्या महिन्यात 'कुंकू'.

संध्याकाळी सातला सुरू केला तर मधल्या बोलण्यासकट दहा वाजतील. कारंजातल्या बायका चालत जातील. तांड्यांवरच्या आणि मूर्तिजापूर रस्त्यावरच्या खेड्यांतल्या बहिणींना सोडायला गाडी लागेल. शकुंतला रेल्वे होती तेव्हाही रात्री काही उपयोगाची नव्हती. भाडं गटाच्या खात्यातून द्यायचं की वर्गणी काढायची, ते उद्या निघण्याआधी ठरवू. प्रोजेक्टर मिळेल, मी विचारलंय. पडद्यासाठी मोठी पांढरी चादर कोणाकडे आहे?